उलाळ गाडीचं गणित

बैलगाडी भरताना जाणता गाडीवान एका गोष्टीवर नजर ठेवतो. ओझं मागं जास्त झालं, की गाडी 'उलाळ' होते. जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळतो. ओझं पुढं जास्त झालं, तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून भार थोडा पुढं झुकलेला हवा, पण फार नको. मोटारीच्या युगाला हेच शहाणपण नव्यानं शिकावं लागलं.

अमेरिकेत डेट्रॉईट शहरी ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचे एक लोहार होते. १९१४ साली फ्रेडरिक सिबली या लाकडाच्या व्यापाऱ्यानं आपली होडी फोर्ड मोटारीमागं ओढून नेण्यासाठी त्यांच्याकडून एक गाडा करून घेतला. तो इतका सोयीचा ठरला, की लाकूड वाहण्यासाठीही सिबलींनी तसेच गाडे मागवले. १९१८ मध्ये फ्रूहॉफ यांची ट्रेलरची कंपनीच उभी राहिली. पुढं १९४५ साली, महायुद्ध संपता संपता, शोएन दाम्पत्यानं 'यू-हॉल' हा भाड्यानं ट्रेलर देणारा व्यवसाय सुरू केला. एका गावी ट्रेलर घ्यायचा आणि दुसऱ्या गावी सोडायचा, ही त्यांची कल्पना. मोटार बाळगणाऱ्या सामान्य कुटुंबालाही आता ओझं ओढता येऊ लागलं.

१९९० नंतर चित्र बदललं. जुन्या जीपगाड्या जाड लोखंडी सांगाड्यावर उभ्या असत. १९९४ ची टोयोटा रॅव्ह-फोर आणि १९९५ ची होंडा सीआर-व्ही या छोट्या एसयूव्ही दिसायला जीपसारख्या, पण अंगानं साध्या मोटारीच्याच जातीच्या. फसगत इथंच होते. रूप पाहून माणूस ताकदीचा अंदाज बांधतो आणि मागं मोटारसायकल लटकवायला निघतो.

आता हिशेब पाहू. अमेरिकेत सीआर-व्हीची ओढण्याची मर्यादा १५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो सांगितली जाते. मात्र मागच्या जोडावर उभा दाबणारा भार १५० पौंड, म्हणजे ६८ किलोच चालतो. मोटारसायकल दोनशे किलोची असेल आणि ती जोडावर बसवलेल्या लोखंडी कॅरिअरवर ठेवली, तर सगळं वजन त्या जोडावर येतं. मर्यादा तिपटीनं ओलांडली जाते. शिवाय हे वजन मागच्या चाकांच्याही मागं असल्यानं पुढची चाकं हलकी होतात. मोटार वळवणं आणि थांबवणं यांत पुढच्या चाकांचा वाटा मोठा असतो. थोडक्यात, गाडी उलाळ होते. फरक एवढाच, की बैल थांबतो, इंजिन थांबत नाही.

ट्रेलरचं तसं नाही. त्याची स्वतःची चाकं बहुतेक भार पेलतात. समजा, ट्रेलर ४०० किलोचा आहे. मोटारसायकल धरून ६०० किलो झाले. त्याच्या दहा टक्के, म्हणजे ६० किलो, जोडावर यायला हवेत. हे मर्यादेत बसतं. पण मोटारसायकल साडेतीनशे किलोची असेल, तर एकूण ७५० किलो होतात आणि छोट्या एसयूव्हीनं हात जोडावेत, हेच बरं. मोटारीत माणसं आणि सामान किती, हेही धरायला हवं. जोडावर भार फारच कमी ठेवला, तर ट्रेलर वेग वाढताच शेपटीसारखा डोलू लागतो. तो डोलला की अनेकदा सगळंच रस्त्याबाहेर जातं.

म्हणून मोटारसायकल ट्रेलरवर पुढं-मागं सरकवून भार नेमका करावा. पुढचं चाक खाचेत अडवावं, चार बाजूंनी पट्टे आवळावेत, जोडाखाली साखळ्या एकमेकींवरून आडव्या लावाव्यात. काही कोस गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत. आणि सगळ्यात आधी, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जोडावरच्या भाराचा आकडा शोधावा.

ओढण्याचा मोठा आकडा जाहिरातीत ठळक असतो. जोडावरच्या भाराचा छोटा आकडा पुस्तिकेत असतो. पण मागच्या गाड्यांतल्या अनोळखी माणसांचा जीव त्या छोट्या आकड्यावर अवलंबून असतो. त्यांना आपल्या जोडाचा हिशेब ठाऊक नसतो. तो आपण करायचा असतो.