आधी भोंगा, मग ॲम्प्लिफायर

दिवाळी उलटली की भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते. हलक्या धानाची कापणी आटोपलेली असते, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि रात्रीसाठी दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक ठरलेले असते. पुढे शंकरपटांचे दिवस येतात. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक, असा हा हंगाम थंडी सरेपर्यंत चालतो. भंडारा, १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्यात असलेला गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून होणाऱ्या या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर बरेच लिहिले गेले आहे. तिची बोली, तिच्या नाट्यमंडळ्या, वडसा-देसाईगंजची उलाढाल आणि २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेली पद्मश्री, या साऱ्यांची चर्चा झाली. हजारोंच्या जमावात शेवटच्या माणसापर्यंत शब्द कसा पोचला, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. घरातल्या हाय-फाय स्पीकरसाठी कोणता ॲम्प्लिफायर घ्यावा आणि त्याआधी क्षीण संकेत वाढवणारा प्रीॲम्प लागतो की नाही, या आजच्या प्रश्नाचे उत्तर मला या इतिहासात दिसते. आवाजाच्या साखळीत स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे अंतर आधी ठरते, ॲम्प्लिफायर त्यानंतर. भोंग्याच्या काळात ही गोष्ट उघड होती. आज आपण दुकानात वॅटचा आकडा आधी विचारतो, ती सवय भोंग्याने लावलेली नाही. भोंगा मागे पडल्यानंतर ती आली.

भोंग्याआधी गळाच होता. खडी गंमतीतला शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीने मोकळ्या जागेत उभा राहून गातो, आणि मोकळ्या जागेत आवाजाला आधार द्यायला भिंत नसते. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते, म्हणजे एका मीटरवर ९५ डेसिबलने लागलेला खणखणीत सूर ३२ मीटरवर ६५ वर येतो. शांत रात्री एवढा पुरतो, पण पोरेबाळे, पानठेले आणि आकाशपाळणे यांच्या गर्दीत तो बुडतो. उंच पट्टीत गाणे, शब्द लांबवणे, एकच ओळ साथीदारांनी पुन्हा उचलणे या लकबींमागे परंपरा आहेच, पण त्या शब्द दूर नेण्याच्या युक्त्याही आहेत. नाटकासाठी प्रेक्षकांची जागा खोल खणून त्याच मातीचा मंच उचलून घेण्याची इथली पद्धतही मला त्याच वर्गातली वाटते. त्यात मागच्याला दिसावे हा हेतू असतोच, शिवाय नटाचा आवाज पुढच्या रांगेतल्या डोक्यांना अडत नाही.

लाऊडस्पीकर आला तो भोंग्याच्या रूपात. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडम यांनी १९१५ मध्ये मॅग्नाव्हॉक्स नावाने भोंग्यातून मोठा आवाज काढून दाखवला होता. आपल्याकडे १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आले, त्या काळात जगभरच्या मोठ्या चित्रपटगृहांत दहा-बारा वॅटचे ॲम्प्लिफायर हजार माणसांना बोलपट ऐकवत होते. आज त्याहून मोठा आकडा टेबलावरच्या स्पीकरच्या खोक्यावर छापलेला असतो. एवढ्याशा शक्तीत ते जमत होते, कारण भोंगा हवेला नीट पकडतो. त्याच्या युनिटमधला पडदा लहान असतो, पण हळूहळू रुंदावणाऱ्या नळीमुळे पडद्याची हालचाल हवेत वाया न जाता पुढे सरकते. सभेच्या भोंग्याला एक वॅट दिला की एका मीटरवर १०५ ते ११० डेसिबल मिळतात. घरातल्या सामान्य हाय-फाय स्पीकरकडून तेवढ्याच शक्तीत ८५ ते ९० मिळतात. वीस डेसिबलचा हा फरक आकड्यात किरकोळ वाटतो, पण तो शक्तीत शंभरपट असतो.

हा हिशेब मंडईच्या मैदानावर मांडून पाहावा. १०८ डेसिबलचा भोंगा पन्नास मीटरवर एका वॅटमध्ये साधारण ७४ डेसिबल पोचवतो आणि वीस वॅट दिले तर ८७. माणसाचे बोलणे जमावाच्या गलक्यावर उठायला एवढे पुरे. तेच काम ८८ डेसिबलच्या स्पीकरकडून करून घ्यायचे तर दोन हजार वॅट लागतील. आता ते खेडे आठवावे, जिथे नाटक गॅसबत्तीच्या उजेडात होत असे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, आणि खेड्यापाड्यांत तारा त्यानंतर हळूहळू पोचल्या. अशा ठिकाणी बारा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर आणि झाडाला किंवा बांबूला बांधलेले दोन भोंगे हीच शक्य असलेली रचना होती. वीस वॅटचा आवाज काढताना बॅटरीतून दोन-चार अँपिअर जातात, तेव्हा रात्र निभते. दोन हजार वॅटला त्याच बॅटरीने काही मिनिटांत मान टाकली असती. १९४० पासून दिल्लीत आहुजांनी आणि नंतर इतरांनी जी सभेची यंत्रे बनवली, त्यांतल्या कित्येकांच्या पाठीमागे मुख्य विजेच्या जोडीला बॅटरीची टोके दिलेली असत, ती अशाच गिऱ्हाइकासाठी. भाड्याने लाऊडस्पीकर देणाऱ्याला भोंगे किती, ते किती लांब लावायचे आणि गर्दी किती, हे आधी विचारावे लागे. ॲम्प्लिफायर त्यावरून ठरे.

घरातही त्या काळी हाच क्रम होता, फक्त तो कारखान्यात आधीच ठरलेला असे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, १९५७ मध्ये विविध भारती आली, आणि भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरचे ते केंद्र घराघरांत ऐकू येऊ लागले ते मर्फी, फिलिप्स, बुश यांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून. ईएल ८४ सारखा एक व्हॉल्व्ह शेवटच्या टप्प्याला असला की चार-पाच वॅट मिळत. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स असे व्हॉल्व्ह देशातच बनवू लागली होती. समोर हलक्या कागदी शंकूचा मोठा स्पीकर आणि मागून उघडी लाकडी पेटी. तो स्पीकर थोड्या शक्तीत भरपूर वाजे, म्हणून एवढे वॅट पुरत. रेडिओच्या पाठीमागे तबकडीचा पिकअप जोडायला जागा असे आणि साध्या रेकॉर्ड प्लेअरचा क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप थेट तिथे चाले, कारण तो काही शंभर मिलिव्होल्ट देतो. प्रीॲम्प वेगळा घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण प्रीॲम्पशिवाय संगीत अपुरे, असे आज काही जाणकार सांगतात. दोन पिढ्यांनी बालगंधर्व, हिराबाई आणि लता यांना त्याशिवाय ऐकले आहे.

हा क्रम फिरला तो दूर अमेरिकेत, १९५४ मध्ये. तोपर्यंत युरोप-अमेरिकेतला हाय-फायही थोड्या वॅटचाच होता. विल्यमसनचा १९४७ चा गाजलेला ॲम्प्लिफायर आणि पीटर वॉकर यांचा क्वाड-दोन, दोघेही पंधरा वॅटचे. मग एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज काढणारा एआर-वन स्पीकर बाजारात आणला. पेटीचा आकार, खर्जाची खोली आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. व्हिल्चर यांनी तिसरी सोडली, आणि ती निवड योग्यच होती, कारण शहरी घरात कपाटाएवढा स्पीकर मावत नव्हता. ती उणीव ॲम्प्लिफायरने भरून काढायची होती, आणि ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केल्यावर ते सोपेही झाले. वॅटच्या शर्यतीचे मूळ इथे आहे.

आपल्याकडे ही शर्यत टेपरेकॉर्डरच्या काळात उतरली. सोनोडाइन, कॉस्मिक अशी नावे शहरात प्रतिष्ठेची झाली; तालुक्याच्या गावी मात्र दुरुस्तीच्या दुकानात जुळवलेला ॲम्प्लिफायर चाले. त्यातला सान्योचा एलए ४४४० हा आयसी तर देशभर पोचला. बारा व्होल्टवर तो दर चॅनलला सहाएक वॅट देतो, दोन्ही बाजू जोडून एकोणीसच्या आसपास. त्याच्याच पेटीवर पीएमपीओ या बिनबुडाच्या मापाने शेकडो वॅट छापले गेले. ज्या जिल्ह्यात वीस वॅटवर नाटके ऐकली गेली, तिथे घरातल्या टेपला पाचशेचा आकडा अपुरा वाटू लागला, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या आकड्याने गिऱ्हाइकाचा पैसा स्पीकरकडून काढून घेतला. पातळ प्लायवूडच्या पेटीतल्या स्वस्त स्पीकरपुढे मोठा आकडा आला, आणि आवाज फाटला की दोष पुन्हा कमी वॅटलाच दिला गेला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भोंग्याची तुलनाच गैर आहे. भोंगा कर्कश असतो, त्यात खर्ज नाही आणि तंबोऱ्याची जवारी नाही. हे खरे आहे. सभेचा भोंगा सुमारे तीनशे ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातच काम करतो, आणि त्याने तबल्याचा डग्गा ऐकवावा ही अपेक्षा चुकीची. ५० हर्ट्झच्या खर्जाची लहर जवळपास सात मीटर लांब असते. तिला पकडणारा भोंगा खोलीएवढा होतो. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच भोंग्याचा भाग करून हे जमवले, तरी तो स्पीकर कपाटाएवढाच राहिला. माझा मुद्दा भोंगा घरी आणावा असा नाही. भोंग्यात शब्दासाठी खर्ज सोडला, लहान पेटीत खर्जासाठी वॅट मोजले. दोन्हीकडे स्पीकरने आधी निर्णय दिला आणि ॲम्प्लिफायरने तो पाळला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संगीतात सरासरी पातळीपेक्षा वीसेक डेसिबल उंच उसळी येते, तबल्याची थाप किंवा झांजेचा घाव. कमी वॅटचा ॲम्प्लिफायर तिथे कापला जातो आणि आवाज कोरडा होतो. म्हणून घरचेच गणित मांडतो. ८७ डेसिबलचे दोन स्पीकर, साधी खोली, तीन मीटरवर खुर्ची: एका वॅटला कानाशी ८२ च्या आसपास पडतात. मन लावून ऐकायला ७५ डेसिबलची सरासरी भरपूर होते, आणि ती पाव वॅटही खात नाही. वीस डेसिबलच्या उसळीला ९५ लागतील, म्हणजे वीस वॅट. गंमत अशी की मंडईचा भोंगा आणि दिवाणखाना एकाच आकड्यावर येतात. अंतर पन्नास मीटरवरून तीनवर आले आणि स्पीकर तेवढाच आळशी झाला. ज्याला सरासरीच ८५ हवी, त्याला मात्र दोनशे वॅट लागतील, आणि त्याने ते घ्यावेत. पण स्पीकर ९७ डेसिबलचा असेल तर त्यालाही वीसच पुरतील. शिवाय स्पीकर चार ओहमचा असेल किंवा काही सुरांना त्याहून खाली उतरत असेल, तर वॅटच्या आकड्यापेक्षा ॲम्प्लिफायर किती करंट सोडू शकतो हे महत्त्वाचे, आणि तोही प्रश्न स्पीकरनेच विचारलेला असतो.

राहिला प्रीॲम्प. मंचावर त्याचे काम स्पष्ट आहे. वरून टांगलेल्या माइकवर नट बोलतो तेव्हा हाती काही मिलिव्होल्टच येतात. त्यांना शेकडो पटींनी वाढवून, ऑर्गन आणि तबल्याच्या माइकशी मेळ घालून पुढे पाठवायचे असते. सभेच्या ॲम्प्लिफायरमध्ये हे अंग पोटातच असते, वेगळे विकत घ्यावे लागत नाही. घरात त्याची गरज चुंबकीय पिकअपने निर्माण केली. तो चार-पाच मिलिव्होल्ट देतो, आणि १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वळणानुसार तबकडीत दाबलेला खर्ज परत उचलावाही लागतो. सीडी प्लेअर आला तो थेट दोन व्होल्ट घेऊन. बहुतेक पॉवर ॲम्प्लिफायर एक-दोन व्होल्टमध्ये पूर्ण शक्तीला पोचतात, तेव्हा वाढवायला काही उरतच नाही. उरते फक्त आवाज कमी करणे आणि दोन-तीन यंत्रांतून एक निवडणे. प्रीॲम्पने आवाजात प्राण येतो असे म्हणणाऱ्यांचा अनुभव मी नाकारत नाही. लांब तारा, पॉवर ॲम्प्लिफायरचा कमी इनपुट इम्पीडन्स, आवाजाचे बटण मध्येच अडकवल्यामुळे मंदावणारे वरचे सूर, अशा ठिकाणी चांगला प्रीॲम्प खरोखर फरक करतो, आणि तो फरक मोजताही येतो. घरी तबकड्यांचा संग्रह असेल तर फोनो प्रीॲम्पवर खर्च करावाच. ज्याच्याकडे मोबाइल आणि डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारा एखादा डीएसीच आहे, त्याने प्रीॲम्प पोटातच असलेला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर घ्यावा आणि वेगळ्या प्रीॲम्पचे पैसे स्पीकरच्या रकमेत घालावेत. ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर त्या पैशात आला, तर घरातल्या प्रत्येक वॅटचे चार वॅट होतात.