११० व्होल्टच्या मिक्सरची कुळकथा

नागपूरहून कुणी शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत निघालं की आईला पहिली काळजी सावजी मसाल्याची असते आणि दुसरी, तो वाटायचा कशात याची. सुकं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल भाजून कोरडंच वाटायचं. वडाभाताच्या डाळी भिजवून जवळजवळ पाण्याशिवाय भरडायच्या. तिथल्या दुकानातला ब्लेंडर फळांच्या आणि बर्फाच्या कामाचा. भांडं उंच, तळाशी इवलीशी पाती, पाणी ओतल्याशिवाय आत काही फिरतच नाही. म्हणून २३ किलोच्या बॅगेतले चार-पाच किलो मिक्सरला द्यायला आई एका पायावर तयार असते. घोडं अडतं ते विजेपाशी. इथे २३० व्होल्ट, तिथे १२०.

या दोन आकड्यांची भांडणं मिक्सरच्या कितीतरी आधीची. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू केलं, तेव्हा वीज विकायची ती फक्त दिव्यासाठी. त्याच्या दिव्यातली कार्बनची तार साधारण १०० व्होल्टला चांगली टिकायची. वाटेतल्या तारांत थोडा दाब गळतो, तो धरून ११० च्या आसपासचा आकडा ठरला. पुढे यंत्रं बदलली, डीसी जाऊन एसी आली, पण तोवर लाखो घरांत त्या दाबाचे दिवे लागले होते. आकडा तिथेच राहिला.

बर्लिनच्या वीज कंपनीने मात्र १८९९ मध्ये धाडस केलं आणि दाब दुप्पट, म्हणजे २२० केला. दाब दुप्पट झाला की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो, आणि त्याच तारेतली गळती एक चतुर्थांशावर येते. तांब्यात इतकी बचत झाली की ग्राहकांची उपकरणं बदलून देण्याचा खर्च त्यातून निघाला. युरोप त्या वाटेने गेला, ब्रिटनही २३०-२४० च्या घरात स्थिरावलं, आणि इंग्रजी अमलात आपल्याकडे वीज आली ती त्याच घराण्यातली. आपली गोल पिनांची थ्री-पिनसुद्धा १९३४ च्या ब्रिटिश मानकातली. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं, आपण जुनीच पिन जपली. चपट्या पिनांच्या अमेरिकन प्लगचं कूळ हार्वे हबेलच्या १९०४ च्या पेटंटपर्यंत जातं.

आता मिक्सरकडे येऊ. साठच्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये काम करणाऱ्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी ब्राऊनचा जर्मन मिक्सर होता. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्या स्वयंपाकघरात त्याची मोटर जळली, आणि दुरुस्तीची सोय भारतात नव्हती. व्होल्टेजचा इथे काही संबंध नव्हता, कारण जर्मनीची आणि आपली वीज एकाच घराण्यातली. मोटर मेली ती भारतीय वाटणाच्या ओझ्याने. माथुरांनी मग आपल्या वाटणाला पुरेल अशी दमदार मोटर घेऊन मिक्सर घडवला. तोच ‘सुमीत’. आज घरोघरी जी तीन भांड्यांची गुरगुरणारी यंत्रं दिसतात, त्या साऱ्यांचा मूळपुरुष मी यालाच मानतो.

त्याच दशकात नागपुरात दुसरी एक गोष्ट घडली. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, सुरू झालं. पहिल्या तुकड्या बाहेर पडत होत्या आणि इकडे १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या लोकांना दार उघडलं. नागपूरचा इंजिनीअर आणि २३० व्होल्टचा मिक्सर यांची गाठ १२० व्होल्टच्या भिंतीशी पडणारच होती.

ती गाठ कशी पडते ते जवळून बघण्यासारखं आहे. नागपुरात सीताबर्डीवर मिळणारं छोटं कन्व्हर्टर लावलं की पिन बसते, आणि घात होतो तो इथेच. ते कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतं, दाबाला हात लावत नाही. मिक्सर सुरू होतो, रिकामा असेल तर फिरतोही. खोबरं घातलं की आवाज खाली येतो, पाती रखडतात. मोटरच्या दांड्यावर बसवलेला पंखाही रेंगाळतो, म्हणजे नेमकी गरज असताना वारा कमी. तशीच रेटली तर तार तापते आणि वॉर्निशचा करपट वास येतो. हा वास वाइंडिंगवाल्याला शंभर पावलांवरून कळतो.

पूर्वी यावर उपाय एकच होता, दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर. ७५० वॉटच्या मिक्सरला त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा, कारण सुरू होताना मोटर प्रवाहाचा मोठा घोट घेते. असा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांब्याचा ठोकळा, मिक्सरहून जड. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमेरिकन घरात २४० व्होल्ट येतातच, १२० च्या दोन बाजू मिळून. कपडे वाळवायचं यंत्र आणि मोठी शेगडी त्यावरच चालते. फक्त ओट्याजवळच्या सॉकेटात तो दाब नसतो.

खरा तोडगा निघाला तो मोटरच्या पोटात. वेढे निम्मे, तार जाड. ५५० वॉटची मोटर २३० वर साधारण २.४ अँपिअर घेते, १२० वर ४.६, म्हणून तार जाड हवी. बाकी भांडी, पाती, रबर सगळं तेच. सुमीतचे ११० व्होल्टचे मिक्सर अमेरिका-कॅनडात विकले गेले, आणि चेन्नईच्या प्रीती कंपनीचा ५५० वॉटचा तर तिकडच्या भारतीय दुकानांत नेहमीचाच. दाब १२० झाला तरी आकड्याने जुनं नाव सोडलेलं नाही, सगळे त्याला ‘एकशेदहाचा मिक्सर’च म्हणतात.

५० आणि ६० हर्ट्‌झच्या फरकाचं मिक्सरला काही वाटत नाही, कारण कार्बन ब्रशची ही मोटर एसी-डीसी दोन्हींवर चालते. घड्याळाचं तसं नाही. विजेच्या लाटा मोजून चालणारं जुनं अमेरिकन घड्याळ नागपुरात आणलं, तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ते तासाला दहा मिनिटं मागे पडतं. जपानमध्ये हा घोळ एकाच देशात आहे. टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि आजही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्‌झ आहे.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तो निर्धास्त कुठेही लावावा. उलट्या प्रवासात जास्त जपावं लागतं. अमेरिकेतला १५०० वॉटचा हेअर ड्रायर इथे सरळ लावला, तर तो पावणेचार पटीच्या आसपास, साडेपाच हजार वॉट खेचू बघतो आणि क्षणात जातो. म्हणून कायमचं नागपूरला परतणाऱ्यांनी असल्या वस्तू आणूच नयेत. एकशेदहाचा मिक्सर तर मुळीच नाही. तो तिथेच, नुकत्याच उतरलेल्या एखाद्या वैदर्भीय पोराला द्यावा. सोबत थोडा सावजी मसालाही.