खेळण्यांचे सुटे भाग आणि बालकांचा श्वास

हाती आलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहणे, हा तीन वर्षांखालील बालकांचा स्वभावधर्मच आहे. या वयात दाढा पुरेशा आलेल्या नसतात, गिळण्यावर पूर्ण ताबा नसतो आणि श्वासमार्गही अरुंद असतो. त्यामुळे बाहुलीचा डोळा, गाडीचे चाक किंवा खुळखुळ्यातील मणी घशात अडकल्यास काही मिनिटांतच प्राणावर बेतू शकते.

मानक काय सांगते?
भारतीय मानक ९८७३ नुसार सुट्या भागांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या, तिरक्या तळाच्या नळकांड्यात घेतली जाते. त्याची खोली एका बाजूस २५.४, तर दुसऱ्या बाजूस ५७.१ मिलिमीटर असते. न दाबता त्यात पूर्ण मावणारे खेळणे किंवा त्याचा निखळलेला तुकडा तीन वर्षांखालील मुलांसाठी अयोग्य ठरतो. नळकांड्याचे तोंड दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेच मोठे असते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

कोकणातील खेळणी
या नियमातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या उत्पादनांना सूट आहे. रत्नागिरीकरांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या सावंतवाडीची लाकडी फळे, भाज्या आणि भातुकली आजही कोकणातील घराघरांत भेट म्हणून येतात. चिन्ह नाही म्हणून अशी खेळणी वाईट ठरत नाहीत. मात्र ती तपासण्याची जबाबदारी पालकांवर येते. भातुकलीतील इवलीशी वाटी किंवा लाकडी मिरची पाच वर्षांच्या ताईसाठी योग्य असली, तरी तिच्या वर्षभराच्या भावासाठी घातक ठरू शकते. मोठ्या मुलांची खेळणी म्हणूनच वेगळी व उंचावर ठेवावीत.

जत्रेतील स्वस्त खेळणी घेताना चाके, डोळे व बटणे ओढून पाहावीत. लाल वर्तुळात ०-३ हे आकडे व त्यावर तिरकी रेघ असल्यास ते खेळणे तीन वर्षांखालील मुलाला देऊ नये. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगाही श्वासमार्ग बंद करतो. बटणाच्या आकाराची बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

घशात अडकल्यास
मूल जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला क्षीण झाला, आवाज फुटेना किंवा ओठ निळे पडू लागले, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास दुसऱ्यास सांगून उपचार लगेच सुरू करावेत. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. एक वर्षावरील मुलाला पाच थापांनंतर बेंबीच्या वर, पोटावर आत व वरच्या दिशेने पाच धक्के द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. मूल बेशुद्ध झाल्यास छातीवर दाब व कृत्रिम श्वास द्यावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. ती आणखी खोल जाते.

खोकला थांबला म्हणजे धोका टळला, असे नाही. प्लॅस्टिकचा तुकडा फुप्फुसाकडे सरकला, तर तो क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही. खेळता खेळता अचानक ठसका लागला होता, ही माहिती म्हणूनच डॉक्टरांना आवर्जून सांगावी.