दारावरचा शेतकरी

मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरलेले शेतकरी आहेत. विल्यम इमर्सन यांनी आखलेली ही इमारत १८६९ मध्ये पुरी झाली आणि आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दारावरचे शिल्पपट लॉकवुड किपलिंग यांचे. रुडयार्ड किपलिंगचे हे वडील १८६५ मध्ये जे. जे. कलाशाळेत शिकवण्यासाठी मुंबईत आले होते. साहेबाच्या नावाच्या इमारतीवर त्यांनी राबणाऱ्या माणसाला जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही भिंतीवरचा शेतकरी मुका आहे. त्याचे श्रम दिसतात. सरकारसारा, सावकाराचे कर्ज, कचेरीतली लाच यांचा तिथे मागमूस नाही. चौदा वर्षांनी हे सारे मराठी गद्यात आले. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याचे घर, त्याची वस्त्रे, त्याचे अन्न यांचे बारकाईने केलेले वर्णन त्यात आहे. शिल्पपट आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. एकाच माणसाची ही दोन चित्रे आहेत. दुसऱ्यात त्याच्या दारिद्र्याची कारणेही सांगितली आहेत.

१८८८ मध्ये राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि जमलेले श्रीमंत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी सुनावले. भिंतीवर शोभेपुरता मान्य असलेला वेश त्या दिवशी दिवाणखान्यात बोलू लागला.

मंडयांचा आणि फुल्यांचा संबंध तसा विपरीतच. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी नव्या मंडईवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा, असा त्यांचा आग्रह होता. मंडई १८८६ मध्ये उभी राहिली, तिला लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे पुण्याच्या आणि मुंबईच्या, दोन्ही मंडयांना फुल्यांचे नाव दिले गेले. नामांतराने सहसा पाटी तेवढी बदलते. मुंबईत मात्र त्यामुळे दारावरच्या शिल्पाचा अर्थ बदलला. फुल्यांच्या नावाखालून आत जाणाऱ्याला त्या शेतकऱ्याकडे निव्वळ नक्षी म्हणून पाहता येत नाही.

हा अर्थ आजच्या कोणत्या प्रश्नापर्यंत पोहोचतो, हे पाहण्यासाठी कर्जत तालुक्यात यावे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, तेव्हापासून देशावरचा माल कर्जत-नेरळवरून थेट मुंबईत उतरू लागला. मंडईतला घाऊक व्यापार १९९६ मध्ये नवी मुंबईला गेला. शहराची भूक मात्र वाढतच राहिली. आता ती पाण्याची आहे. नेरळजवळच्या पोशीर गावाचे आणि उल्हासला मिळणाऱ्या नदीचे नाव एकच. त्याच नावाच्या धरण प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली, ती प्रामुख्याने मुंबई महानगर प्रदेशाला पाणी पुरवण्यासाठी.

‘असूडा’त फुले पाण्याविषयीही लिहितात. बंधारे घालावेत, तळी-तलाव बांधावेत, पावसाचे पाणी शेतात मुरावे, असे उपाय ते सरकारला सुचवतात. धरणाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या विचारात पाण्यावर पहिला हक्क शेताचा होता. शहराला पाणी हवे, हेही खरेच. पण भातशेतीच्या या खोऱ्यातून ते नेताना त्या हक्काचे काय होते, हा प्रश्न फुल्यांच्या पुस्तकातूनच आपल्यापर्यंत येतो. किपलिंगच्या शिल्पातला शेतकरी दीडशे वर्षांहून अधिक काळ शहराच्या दारावर उभा आहे. शहराने त्याला दारावर जागा दिली. आत चाललेल्या हिशेबात ती अजून द्यायची आहे.