बुडीपूर्वी प्रकृतीची साक्ष

निपाणीहून फोंडाघाट उतरून मालवणास जाणाऱ्या कुटुंबांचा हेतू पूर्वी कुलदैवताचे दर्शन आणि समुद्रस्नान एवढाच असे. आता तारकर्लीस अथवा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पाठीवर हवेची नळकांडी बांधून प्रवाळ पाहण्यासाठी बुडी मारणे हेही त्या यात्रेचे अंग झाले आहे. त्यात गैर काहीच नाही. परंतु बुडी मारणाऱ्याच्या प्रकृतीविषयीचे ज्ञान माणसाने केवढ्या मोलाने मिळविले, हे वाचकांस ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

१८७२ हे साल आम्हां वकिलांस भारतीय करार कायद्याचे म्हणून परिचित आहे. त्याच साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोब्लिंग हे नदीतळाशी दाबाच्या हवेत काम करून व्याधिग्रस्त झाले. पुढे पुलाची देखरेख पत्नी एमिली ह्यांच्या साहाय्याने त्यांस घरातूनच करावी लागली. दाब एकाएकी उतरला म्हणजे रक्तात नत्रवायूचे बुडबुडे होतात, हे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर ह्यांनी १८७८ साली दाखविले. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे नियम सिद्ध केले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी तर असले प्रयोग स्वतःच्या देहावर केले. पुढे ते भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरास निवर्तले.

तोवर बुडी हे निवडक, धडधाकट पुरुषांचे काम होते. १९४३ साली कुस्तो व गान्यां ह्यांनी सुटसुटीत श्वसनयंत्र तयार केले आणि समुद्राचे दार सामान्य गृहस्थास उघडले. गृहस्थ मात्र आपला दमा व मधुमेह बरोबर घेऊनच आत शिरला.

दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे छातीत कोंडलेली हवा वर येताना दुप्पट फुगू पाहते. दम्याने आकसलेल्या श्वासनलिकांतून ती सुटली नाही, तर फुप्फुस फाटण्याचे भय असते. तंबाखूची धूळ व विडीचा धूर ह्यांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या आमच्या निपाणीकरांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. जमिनीवर अपस्माराचा झटका आला तर माणूस सावरतो. पाण्याखाली तोच झटका प्राणावर बेततो. इन्शुलिन घेणाऱ्यांस एके काळी बहुधा सरसकट मज्जाव असे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक नियमांनी रोग आटोक्यात असलेल्या प्रौढांस सशर्त वाट मोकळी केली. बुडीपूर्वी रक्तशर्करा किमान १५० असावी, ही त्यांतील एक अट. दर्शनासाठी उपवास धरून, औषध मात्र नेहमीप्रमाणे घेऊन जो पाण्यात उतरतो, त्याने ह्याचा विचार करावा.

बुडीपूर्वी प्रकृतीविषयीचा एक कागद पुढे येतो आणि पुष्कळदा तो न वाचताच सर्वत्र 'नाही' लिहून सही केली जाते. खोट्या निवेदनावर मिळविलेली संमती दुसऱ्या पक्षास रद्द ठरविता येते, असे करार कायदा सांगतो. परंतु न्यायालयात निदान युक्तिवादास जागा असते. रक्तातील बुडबुडा कोणाचाही युक्तिवाद ऐकत नाही. म्हणून घर सोडण्यापूर्वीच ज्यास दमा, हृदयविकार, मधुमेह वा अपस्मार आहे, त्याने आपल्या वैद्यास विचारावे. वैद्य नको म्हणाला, तर किनाऱ्यावरून दिसणाऱ्या सिंधुदुर्गाचे दर्शनही कमी पुण्यप्रद नाही.