धाराशिवची बोली : तीन शेजारांची मराठी

‘तो जेवायलाय’ असे कोणी म्हटले, तर पुण्याच्या माणसास पाहुणा जेवणासाठी थांबला आहे, असे वाटण्याचा संभव असतो. धाराशिव जिल्ह्यात त्याचा अर्थ एवढाच, की तो या क्षणी जेवत आहे. ‘पाऊस पडायलाय’, ‘काय करायलास?’ ही रूपेही याच घडणीची. प्रमाण मराठीत हेतू दाखविणारे ‘करायला’ हे रूप येथे चालू क्रिया दाखविते. ‘करायला लागला आहे’ या रचनेशी त्याचे नाते उघड दिसते. नियम इतका काटेकोर असूनही शाळेत आणि शहरात या बोलण्यावर ‘अशुद्ध’ असा शिक्का बसतो, आणि शिक्षणासाठी पुण्यास गेलेली मुले सर्वप्रथम हेच रूप टाकून देतात.

ही लकब एकट्या धाराशिवची नव्हे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये यातूनच वेगळा झाला. त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे सारखे असल्यास नवल नाही. जिल्ह्याच्या आतही बोलण्याची एकच तऱ्हा नाही. पश्चिमेस परंडा आणि भूम येथे सोलापूर व नगरकडील वळण जाणवते, तर पूर्वेस उमरगा तालुक्यात मुरूम, आळूर या भागात कन्नड घराघरांत पोहोचलेली आहे. तेथील पंगतीत गव्हाची ‘हुग्गी’ वाढली जाते. तो शब्द आणि पदार्थ दोन्ही सीमेपलीकडचे.

मात्र या बोलीवर सर्वांत खोल ठसा आहे तो राज्यकारभाराचा. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व सरकारी कामकाज उर्दूत चाले. जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ म्हणून ओळखला जाई, तर महसुलाची पाहणी ‘गिरदावर’ करी. ही पदे इतिहासजमा झाली. परंतु कंत्राटास ‘गुत्ता’, कंत्राटदारास ‘गुत्तेदार’ आणि संपादित जमिनीच्या भरपाईस ‘मावेजा’ हे शब्द मराठवाड्यात आजही रूढ आहेत. तलावात किंवा रस्त्यात जमीन गेलेला शेतकरी ‘नुकसानभरपाई’ मागत नाही. तो ‘मावेजा’ मागतो. शेजारच्या बार्शीत, जो भाग ब्रिटिश मुलखात होता, तेथे या शब्दांची अशी मुळे नाहीत.

या बोलीच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले, त्याचे एक कारणही याच इतिहासात आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. कोकणातील बोलींचे नमुने त्यात तपशिलाने आले. तेरच्या गोरोबाकाकांची अभंगपरंपरा लाभलेल्या या मुलखाचे रोजचे बोलणे मात्र त्यात तसे टिपले गेले नाही.

ती उणीव पुढे कथेने काही अंशी भरून काढली. कळंब तालुक्यातील हासेगावचे भास्कर चंदनशिव यांनी मराठवाड्याच्या खेड्यातील बोलणे संवादांत जसेच्या तसे आणले. भाव कोसळल्यावर टोमॅटो तुडविणाऱ्या शेतकऱ्याची त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकातही गेली, आणि एरवी ज्या भाषेसाठी मुलांना टोकले जाते तीच भाषा वर्गात वाचली गेली.

शेवटच्या निजामाच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले. या भागातील प्रसिद्ध काळी शेळी मात्र बाजारात आणि पशुसंवर्धनाच्या कागदोपत्री अजूनही ‘उस्मानाबादी’च आहे.