मध्यम पानांवर किती लावावे? एका प्रश्नाचा इतिहास

१/ तीन पत्तीत चालीची रक्कम आधीच्या चालीशी बांधलेली असते. मर्यादा नसलेल्या पोकरमध्ये मात्र किती लावायचे हे खेळाडूच ठरवतो. पाने ना उत्तम, ना टाकाऊ, अशा वेळी हा निर्णय सर्वांत अवघड होतो. त्याचे उत्तर गणितज्ञांनी शोधले.

२/ १९४४ : जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या ग्रंथात पोकरचा सविस्तर विचार आला. त्यात पैजा दोनच, लहान व मोठी. मोठी पैज उत्तम पानांवर आणि कधी कधी अगदी वाईट पानांवर (ब्लफ). मधली पाने लहान पैजेवर थांबतात.

३/ १९५९ : अमेरिकी गणितज्ञ डोनाल्ड न्यूमन यांनी रकमेचे बंधन काढले. दोघांकडे ० ते १ मधील एकेक गुप्त संख्या. मोठी संख्या जिंकते. पहिला हवी तेवढी पैज लावतो किंवा लावत नाही. दुसरा ती स्वीकारतो किंवा डाव सोडतो.

४/ पहिल्याची संख्या १/७ हून कमी असेल तर ब्लफ. १/७ ते ४/७ दरम्यान पैजच नाही. ४/७ च्या वर पैज सुरू होते, पण अगदी लहान. पॉटच्या (मध्ये साठलेल्या रकमेच्या) निम्मी पैज सुमारे ०.८१ ला, पॉटएवढी ०.८९ ला, दुप्पट ०.९५ ला.

५/ कारण असे : मोठी पैज पाहून दुबळा प्रतिस्पर्धी पाने टाकतो, बलवान थांबतो. मधल्या पानांवर मोठी रक्कम लावणारा ज्यांना हरवू शकला असता त्यांनाच घालवतो. लहान पैजेला काही दुबळी पानेही उत्तर देतात. टाकाऊ पाने उघड तुलनेत बहुधा हरणारच. म्हणून ब्लफ त्यांच्यावर.

६/ खरे पोकर याहून फार गुंतागुंतीचे. दोघांचे असे खेळ रेषीय समीकरणे व असमानतांच्या रूपात मांडता येतात. ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये अशा गणितांसाठी वेगवान पद्धत मांडली. त्या कुळातील पद्धतींनी पुढे पोकरची लहान रूपे संगणकावर सुटली.

७/ हे गणित पैसा निर्माण करत नाही; एकाची जीत ही दुसऱ्याची हार असते. कॅसिनोने प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापला, तर तुल्यबळ खेळाडूंच्या पदरी सरासरी तोटाच पडतो, मग पैज कितीही अचूक असो.